‘सर्वसमर्थ’ हा एक शब्द ती गाळते

गावठाणातली (धागाकर्ती) | रवि, १९:४२

नमस्कार मंडळी. दहा वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आम्ही वसईकडचे कॅथलिक. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी मे महिन्यात गेली. रक्ताचा कर्करोग. पावणेतीन वर्षांची होती. त्याबद्दल याहून जास्त लिहीत नाही.

त्यानंतर दोन महिने बहीण चर्चमध्ये आली नाही (आमची जुनी माणसं अजून देऊळच म्हणतात). मग आपणहून यायला लागली. मिस्साला (रविवारच्या उपासनेला) माझ्या शेजारीच बसते. काही रविवार गेल्यावर माझ्या लक्षात आलं, श्रद्धेची प्रार्थना सगळे एका सुरात म्हणतात, त्यात ‘सर्वसमर्थ पिता’ येतं, तिथे ही थांबते. ओठ मिटून ‘सर्वसमर्थ’ जाऊ देते आणि ‘पिता’ला पुन्हा सूर पकडते. दर रविवारी, न चुकता. एकदा बाहेर चपला घालताना विचारलं, तर म्हणाली, “बाप आहे हे मानते गं. पण दोन्ही शब्द एकदम तोंडातून निघत नाहीत.”

आता प्रश्न. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही शिकलो ते असं: देवाने माणसाला इच्छास्वातंत्र्य दिलं, आदाम-हव्वेने ते चुकीचं वापरलं, पाप आलं, पापामागून दुःख आणि मरण आलं. माणसाने माणसाचा गळा कापला तर हे उत्तर मला पटतं. हात माणसाचे, इच्छा माणसाची. पण पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात तेव्हा कुणी कुठलं स्वातंत्र्य वापरलेलं असतं?

मातीला आलेल्या नात्यातल्या एका बाईंनी उत्तर दिलं होतं. “आईबापाच्या हातून काही घडलेलं असेल, लेकरं फेडतात.” बहिणीने ते ऐकलं. मीही. त्याला आता पाच महिने झाले.

जाणकारांनी लिहावं. धर्मांतर, मिशनरी वगैरेंचा दळण धागा होऊ देऊ नका, हात जोडते.

---

उगाच | रवि, १९:५८

वाचतोय. ताई, काय बोलणार.

---

शंकासुर | रवि, २१:१०

मी नास्तिक, तेव्हा आधीच माफी मागून ठेवतो.

तुमच्या बहिणीने जे केलं ते तत्त्वज्ञानातल्या फार जुन्या कोड्याचं सगळ्यात प्रामाणिक उत्तर आहे. देव सर्वसमर्थ आहे, देव पूर्ण चांगला आहे आणि जगात दुष्टावा आहे, ही तीन विधानं एकत्र नांदत नाहीत. एक सोडावं लागतं. बहुतेक लोक एकही न सोडता तिघांवर पांघरूण घालतात. तिने उघडपणे एक सोडलं.

इच्छास्वातंत्र्याचं म्हणाल, तर जे. एल. मॅकी नावाच्या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने १९५५ साली त्याची चांगलीच हजेरी घेतली आहे. माणूस कधीकधी स्वतःहून चांगलं निवडतो, हे तुम्हालाही मान्य. मग दर वेळी स्वतःहून चांगलंच निवडणारी माणसं असण्यात विसंगती कुठे आहे? आणि विसंगती नसेल, तर सर्वसमर्थ देवाला तशी माणसं घडवायला कोण आडवं आलं होतं?

---

लिंबूटिंबू | रवि, २१:३३

शंकासुरांना पुरवणी प्रश्न: स्वर्गात इच्छास्वातंत्र्य असतं का? असेल आणि तरी तिथे पाप होत नसेल, तर तोच साचा इथे का नाही वापरला?

---

भुईकोट | सोम, ०७:१५

मी नगरचा, मराठी मिशनच्या (प्रॉटेस्टंट) मंडळीत वाढलेला. वडील पाद्री होते. त्यामुळे हा वाद आमच्या घरी जेवणाच्या ताटावर झालेला आहे, आणि दर वेळी आमटी गार झाली आहे.

लिंबूटिंबू, तुमचा प्रश्न पोरकट वाटतो पण ऑगस्टिनने तो सोळाशे वर्षांपूर्वी गंभीरपणे घेतला होता. त्याचं म्हणणं असं की आदामाला पाप न करणं शक्य होतं. पतनानंतर आपल्याला कृपेवाचून ते शक्य राहिलं नाही. आणि स्वर्गात पाप करणंच शक्य राहणार नाही, आणि तेच खरं स्वातंत्र्य. दारू सुटलेल्या माणसाला विचारा, ‘आता पिऊ शकत नाही’ याला तो तुरुंग म्हणतो की सुटका. अर्थात सुरुवातच त्या शेवटच्या पायरीवर का नाही केली, हे ऑगस्टिनला विचारायचं राहून गेलं.

हा ऑगस्टिन (३५४ ते ४३०) उत्तर आफ्रिकेतला. सोळाव्या वर्षी टोळक्याबरोबर शेजारच्या झाडाची नासपतीसारखी फळं चोरली. भूक नव्हती, घरी याहून चांगली होती. थोडी चाखली, बाकीची डुकरांना टाकली. पुढे बिशप झालेला हा माणूस चाळिशीत त्या चोरीवर पानंच्या पानं लिहितो. फळं क्षुल्लक होती. पण फायदा नसताना वाईट करण्यात मजा का आली, हे त्याला उलगडत नव्हतं. पाप म्हणजे हातून घडलेली चूक एवढंच त्याला पुरेना. इच्छाच आतून वाकडी झालेली आहे, असं तो म्हणू लागला.

समोर पेलाजियस. ब्रिटनकडचा, कडक शिस्तीचा. त्याचं म्हणणं, देवाने आज्ञा दिली म्हणजे ती पाळायची ताकदही दिली असणार. उगाच आदामाच्या नावाने बिलं फाडू नका. ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने पेलाजियसचं मत पाखंड ठरवलं. मला विचाराल तर रोजच्या व्यवहारात आपण सगळे पेलाजियसवाले आणि रात्री झोप उडाली की ऑगस्टिनवाले.

शंकासुर, मॅकीला उत्तर मिळालेलं आहे बरं. १९७४ साली अमेरिकेच्या अॅल्विन प्लँटिंगाने मांडलं की स्वतंत्र माणूस काय निवडेल हे देवाच्या हुकमावर ठरत नाही, ठरलं तर ते स्वातंत्र्यच नव्हे. तेव्हा ‘सगळे स्वतंत्र आणि सगळे कायम निर्दोष’ असं जग देवाच्या हातात असेलच असं नाही. नंतर मॅकीनेही तार्किक विसंगती सिद्ध झाल्याचा आग्रह सैल केला. पण गावठाणातलीताईंचा प्रश्न त्याने सुटत नाही, हे मला मान्य आहे. पेशींना इच्छा नसते. प्लँटिंगा तिथे सैतानादी आत्म्यांच्या स्वातंत्र्याची शक्यता पुढे करतो. तर्कात बसतं. दफनविधीत मी ते कधी उच्चारणार नाही.

---

सरळमार्गी | सोम, ०९:०२

यापेक्षा आपला कर्मसिद्धांत बरा नाही का? हिशेब चोख. या जन्मी केलं नसेल तर मागच्या जन्मीचं. देवावर आळच येत नाही.

---

गावठाणातली | सोम, १३:२०

सरळमार्गी, राग नाही. पण त्या बाई मातीला हेच बोलल्या, फक्त जन्म एकच धरून. पावणेतीन वर्षांच्या पोरीच्या आईला तुमचा हिशेब ऐकवा आणि मग चोख म्हणा.

योहानाच्या शुभवर्तमानात नवव्या अध्यायात एक जन्मांध माणूस भेटतो. शिष्य येशूला विचारतात, याने पाप केलं की याच्या आईबापांनी, म्हणून हा आंधळा जन्मला? प्रश्न नीट बघा, जन्मायच्या आधी ‘याने’ पाप कधी करायचं! आपल्याकडच्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगावाच लागत नाही. येशूचं उत्तर: याने नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. आमच्या त्या बाई दर रविवारी पुढच्या बाकावर बसतात. हे वाचन त्यांनी निदान पन्नास वेळा तरी ऐकलं असेल.

---

शंकासुर | सोम, १३:४१

पण पुढचं वाक्यही सांगा. ‘देवाची कार्यं याच्या ठायी दिसावीत म्हणून.’ म्हणजे एक माणूस अर्धं आयुष्य आंधळा, कशासाठी, तर प्रात्यक्षिकासाठी?

लूकच्या तेराव्या अध्यायातही तेच. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली. ती इतरांपेक्षा पापी होती का? नाही. इथवर टाळ्या. लगेच पुढे: पण पश्चात्ताप केला नाहीत तर तुमचाही तसाच नाश होईल. एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढून घेतलं.

---

भुईकोट | सोम, १४:०५

मान्य, खडबडीत आहे. पण मृतांच्या पापांची चौकशी त्याने बंद केली आणि जिवंतांची सुरू केली, एवढा फरक मला मोठा वाटतो.

---

मांडवीकाठ | सोम, २३:१२

बुरुजाचा विषय निघालाच आहे तर पोर्तुगालच्या राजधानीचं, लिस्बनचं लिहितो. गोव्यात राहून हे न लिहिणं म्हणजे अन्याय.

१ नोव्हेंबर १७५५, सकाळी साडेनऊच्या पुढे. सर्व संतांचा सण. लिस्बनची सगळी चर्चं भरलेली, वेद्यांवर मेणबत्त्या पेटलेल्या. त्या वेळी भूकंप झाला. छतं मिस्सा ऐकणाऱ्यांवर आली. वाचलेले नदीकडे मोकळ्या जागेत धावले, तिथे समुद्राच्या लाटा आल्या. मेणबत्त्या आणि चुलींची आग पुढे कित्येक दिवस धुमसत राहिली. पापी शहराला देवाने शिक्षा केली म्हणावं, तर सणाच्या दिवशी देवळात होते तेच मेले.

लाइबनिट्स या जर्मन तत्त्वज्ञाने १७१० साली सिद्ध केलं होतं की शक्य त्या सगळ्या जगांत हे जग सर्वोत्तम आहे. लिस्बननंतर फ्रेंच लेखक व्हॉल्तेरने त्याची जी खिल्ली उडवली, तिच्यातून तो सिद्धांत अजून उठलेला नाही.

पण मला खरी गोष्ट वाटते ती दोन माणसांची. गाब्रिएल मालाग्रिदा हा येशूसंघी (जेझुइट) धर्मगुरू. १७५६ साली त्याने पत्रक काढलं: भूकंपाचं कारण जमिनीखालचे वायू वगैरे नाही, तुमची पापं आहेत, झोपड्या बांधत बसू नका, प्रायश्चित्ताला बसा. आणि दुसरा राजाचा मंत्री, पुढे मार्किस द पोंबाल झालेला. त्याने राज्यातल्या सगळ्या धर्मग्रामांना प्रश्नावली धाडली. धक्के किती वेळ टिकले? किती लोक मेले? समुद्र आधी मागे हटला की पुढे आला? विहिरींचं पाणी बदललं का? भरून कोणी पाठवली, तर त्या त्या गावच्या धर्मगुरूंनी. आज भूकंपशास्त्रवाले ती कागदपत्रं जपून वाचतात.

म्हणजे ‘का’ विचारणारे दोघेही. एकाने कोणाचं पाप म्हणून विचारलं, दुसऱ्याने किती वेळ हललं म्हणून. आता दुसऱ्याला हार घालायच्या आधी हेही वाचा: पोंबालने १७५९ साली येशूसंघीयांना पोर्तुगाल आणि तिच्या वसाहतींतून, आमच्या गोव्यातूनसुद्धा, हाकललं आणि १७६१ साली म्हाताऱ्या, भ्रमिष्ट झालेल्या मालाग्रिदाला गळा आवळून मारून जाळवलं. तो दुष्टावा मात्र शंभर टक्के इच्छास्वातंत्र्याचा. जमिनीचा त्यात काही संबंध नाही.

---

औसा रोड | मंगळ, ०६:५०

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून लोक दमून झोपलेले. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी. मी सातवीत. माळवदाची घरं, दोन-दोन फुटी दगडमातीच्या भिंती, वर मातीचा थर. ते सगळं खाली आलं. देवाचं माहीत नाही. भिंतींचं माहीत आहे.

---

डाइकवरून | मंगळ, १५:३०

नेदरलँड्समधून. मी राहतो तिथून दॉर्द्रेख्त जवळ आहे. १६१८-१९ मध्ये तिथे सुधारित (रिफॉर्म्ड, म्हणजे प्रॉटेस्टंट) पंथाच्या धर्मपंडितांची मोठी सभा भरली आणि ठरलं की कोणाला तारायचं हे देवाने जग निर्माण करायच्या आधीच ठरवलेलं आहे. माणसाच्या निवडीवर ते अवलंबून नाही. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारक केल्विनची शिकवण, पक्की बांधून.

मला हे इतिहासाचं वाटायचं. मग शेजारच्या आजीबाई भेटल्या. जुन्या कडक पंथाच्या, रविवारी सायकलसुद्धा काढत नाहीत. या पंथांतले काही लोक लस घेत नाहीत, काही विमाही उतरवत नाहीत. देवाच्या योजनेत ढवळाढवळ नको. १९९२-९३ साली याच पट्ट्यात पोलिओ पसरला होता, ७१ रुग्ण, त्यातले दोन गेले. युरोपातल्या सगळ्यात सुखवस्तू देशांपैकी एकात.

मी एकदा धीर करून आजींना विचारलं, असल्या देवाची भीती नाही वाटत? त्यांचा एक मुलगा लहानपणी कालव्यात बुडून गेलेला. त्या म्हणाल्या, “अपघाताने गेला असता तर वेड लागलं असतं मला.” त्यांच्या पंथाच्या १५६३ च्या प्रश्नोत्तरीत आहे की पाऊस आणि दुष्काळ, आरोग्य आणि आजार, काहीच योगायोगाने येत नाही, पित्याच्या हातून येतं.

गावठाणातलीताई, तुमच्या बहिणीला जो शब्द उच्चारवत नाही, त्याच शब्दावर या बाई चाळीस वर्षं उभ्या आहेत. मला दोघीही कळतात आणि यातून काय काढायचं ते कळत नाही.

---

संपादक मंडळ | मंगळ, १८:००

तीन प्रतिसाद उडवले आहेत. धागाकर्तीने सुरुवातीलाच विनंती केली होती.

---

तिन्हीसांज | बुध, ११:२५

रमाबाईंचं नाव अजून कोणीच कसं घेतलं नाही? पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण १८७०च्या दशकात दक्षिणेतल्या दुष्काळात गेले. घर तीर्थयात्रा करत फिरणारं, वडील अनंतशास्त्री पुराणं सांगणारे. होतं नव्हतं ते दानधर्मात आणि देवांसाठी खर्च झालं आणि मग उपासमार. पुढे भाऊही गेला, मग नवरा. १८९६-९७ च्या दुष्काळात याच बाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली गोळा करून केडगावला घेऊन आल्या. स्वतःची मुलगी मनोरमा १९२१ साली गेली, त्या १९२२ च्या एप्रिलमध्ये.

शेवटची वर्षं त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणण्यात घालवली. म्हणजे ईयोबही. निर्दोष माणसाची मुलं, गुरंढोरं, कातडी, सगळं जातं आणि तो देवाला कोर्टात खेचतो, ते पुस्तक. आईबाप भुकेने मरताना पाहिलेल्या बाईने ते केडगावात बसून ओळ ओळ मराठीत लिहिलं. त्या वेळी मनात काय होतं याचा अंदाज करायची माझी हिंमत नाही.

---

भुईकोट | बुध, २०:४०

तिन्हीसांज, ईयोब काढलात ते बरं झालं, कारण आमचे वडील तिथेच येऊन थांबायचे. बेचाळीस अध्याय. ईयोबाचे तीन मित्र येतात, सात दिवस सात रात्री जमिनीवर गप्प बसतात. मग तोंड उघडतात आणि घाण करतात: तुझ्या हातून काहीतरी घडलं असणार, देव अन्याय करत नाही. (ताई, तुमच्या त्या बाई!) ईयोब ओरडतो, मी केलेलं नाही. शेवटी वादळातून देव बोलतो, आणि कारण सांगतच नाही. पहिल्या अध्यायात सैतानाशी काय बोलणं झालं ते वाचकाला माहीत, ईयोबाला शेवटपर्यंत कळत नाही. पण त्या मित्रांना देव काय म्हणतो बघा: तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. देवाची वकिली करणारे खोटे ठरले आणि देवाशी भांडणारा खरा.

---

शंकासुर | बुध, २०:५५

हे मात्र आवडलं. पण शेवट? गुरंढोरं दुप्पट, दहा मुलं नवीन, सगळं गोड. नवीन दहा मुलांनी जुनी दहा भरून निघाली?

---

भुईकोट | बुध, २१:०८

मेंढरं सात हजारांची चौदा हजार झाली, सगळं दुप्पट. मुलं मात्र दहाच्या जागी दहाच. जुने भाष्यकार म्हणतात, कारण पहिली दहा हरवलेलीच नव्हती, देवाजवळ होती. पटतं का, हा वेगळा भाग.

---

गावठाणातली | गुरु, २२:१५

“दुसरं होईल.” हे आतापर्यंत चौदा जणांनी सांगितलंय बहिणीला. ती मोजते.

सगळ्यांचे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले. शेजारच्या गावातले एक वृद्ध धर्मगुरू माझ्या ओळखीचे आहेत, त्यांना बहिणीचं सांगितलं. मला वाटलं, समजावतील. म्हणाले, “गाळू दे की. त्या शब्दापुरता मी जोरात म्हणतो.” शंकासुर, याला तुम्ही पांघरूणच म्हणाल. म्हणा.

त्यांनीच सांगितलं की १९९२ साली व्हॅटिकनने काढलेल्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात मान्य केलंय की या प्रश्नाला झटपट दिलेलं कुठलंच उत्तर पुरत नाही. आणि निसर्गातल्या दुःखाबद्दल तिथे जग अजून पूर्णत्वाकडे चाललंय, वाटेत आहे असं म्हटलंय. आम्हाला वर्गात हे कोणी शिकवलं नाही. आम्हाला आदाम, सफरचंद आणि शिक्षा शिकवली (सफरचंद तर बायबलात नाहीच, नुसतं फळ आहे). कोणीतरी म्हणेल दुःखाने माणूस घडतो, आत्मा मोठा होतो. मोठ्यांचा होत असेल. तिला तर अजून बाराखडी यायची होती.

आणखी एक. आमची आजी सांगायची, तिच्या वेळी अशक्त मूल जन्मलं की सुईण धर्मगुरूंची वाट न बघता तांब्यातलं पाणी डोक्यावर घालून स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) उरकायची. कारण तो न होता मूल गेलं तर आदामापासून वारशाने आलेलं मूळ पाप अंगावर राहिलं, स्वर्ग नाही. ऑगस्टिनपासून चालत आलेली धास्ती. मधल्या काळात अशा बाळांसाठी लिंबो नावाची ना स्वर्ग ना नरक अशी जागा काढली गेली. २००७ साली व्हॅटिकनच्या धर्मपंडितांच्या आयोगाने लिहिलं की या बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत. आजीची दोन बाळं तशी गेली होती. ती २००७ पर्यंत जगली नाही.

---

लिंबूटिंबू | गुरु, २२:४०

वाखुसा (वाचनखूण साठवली). बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

---

गावठाणातली | सोम, २१:०५

धागा वर काढतेय, शेवटचं.

काल २ नोव्हेंबर, मृतांचा दिवस. संध्याकाळी सगळी सिमेंटरी मेणबत्त्यांनी भरलेली. वारा फार होता. बहिणीने पाण्याची बाटली अर्धी कापून आणली होती, त्यात मेणबत्ती उभी केली. आजूबाजूच्या दोघी-तिघींनी ते बघून आपापल्या पोरांना बाटल्या शोधायला पिटाळलं.

आदल्या रात्री तिने हा धागा वाचला होता, सगळा. मी घाबरले होते. मांडवीकाठ, लिस्बनचं तिला माहीत नव्हतं, दोनदा वाचलं म्हणाली. शंकासुर तिला आवडले. मग बाटली मातीत दाबत मला विचारलं, “ईयोबाच्या पहिल्या मुलांची नावं काय?”

घरी येऊन बघितलं. नंतर झालेल्या तीन मुलींची नावं दिली आहेत, यमीमा, कसीया आणि केरेन-हप्पूक. पहिल्या दहांपैकी एकाचंही नाही. तिला सांगितलं. “वाटलंच,” म्हणाली.

दगडावर नाव कोरायला दिलंय. कारागीर नाताळाच्या आत देतो म्हणालाय.